उद्या अकरा वाजता

फाईल रबरानं बांधली, परत सोडली.
पगाराच्या तीन चिठ्ठ्या,
एकीच्या कोपऱ्याला उद्यमबागच्या लेथचं तेल.
अनगोळच्या फ्लॅटचा उतारा कानडीत;
शेजारच्या बसव्वाक्कानं चष्मा पुसून वाचला,
म्हणाली, "चलो ऐती."

आधारवर मी भरमाणी, पॅनवर ब्रह्माणी.
खरा कुठला, विचारलं तर?
"हप्ता भरेल तो," शेवंता म्हणाली
आणि घरातल्या एकुलत्या खुर्चीवर बसून
बँकेतला साहेब झाली.

"वय?"
एकेचाळीस.
"भाड्यानं किती वर्षं?"
सतरा. भिंतीला खिळा मारायचा नाही, या अटीवर.
"कर्ज किती वर्षांचं?"
वीस.

बोटांवर मोजत ती एकसष्टला पोचली.
काही बोलली नाही.
खुर्ची सोडून
माझ्याशेजारी सतरंजीवर आली.
"पेन दे. माझी सही कुठं?"