बोरीचा पाला

चौथ्या महिन्यात सुरू झालं.
आधी उशीवर, मग मोरीच्या जाळीत,
मग विश्रामच्या डब्यातल्या भातात.
तो बाजूला काढून जेवला
आणि घरी आल्यावर हसत सांगितलं.
मला हसू आलं नाही.

कमरेखाली जातात माझे केस.
लग्नात मोठ्या काकू म्हणाल्या होत्या,
हुंडा पाठीवरच घेऊन आलीय पोर.
आता रोज सकाळी कंगव्यात एकेक हप्ता,
मूठभर.

सोहारचं पाणी समुद्राचं, मीठ काढून नळाला सोडलेलं.
जूनमध्ये गच्चीवरची टाकी अशी तापते
की गार नळाखालीही हात धरवत नाही.
म्हणून रात्रीच बादली भरायची,
एसीखाली ठेवायची, पाळण्याच्या उशाशी.
सकाळपर्यंत जेवढं निवेल
तेवढंच न्हाणं.

आई फोनवर : ओली बाळंतीण तू, डोकं उघडं टाकू नकोस,
अळीव खातेस ना?
सासूबाई : कापून टाक गं, येतात परत.
डॉक्टरीणबाई : काही नाही,
पोटात बाळ असताना गळायचे थांबले होते, ते आता जातायत.
हे मला पटलं.
अबोलीसाठी सगळेच थांबलो होतो,
तेही थांबले असतील.

मग ती रात्र.
अबोली रडायची थांबेना.
दूध नको, पोटावर हिंग नको, खांदा नको.
विश्राम बंदरावर, रात्रपाळीला.
मोजा काढला तर उजव्या पायाचं मधलं बोट
डाळिंबाच्या दाण्यासारखं, टचटचीत.
दिवा जवळ नेला.
बोटाच्या मुळाशी माझा केस.
तीन वेढे. कुणी मुद्दाम घालावेत असे.

नखाने सुटेना. ओढला तर आणखी रुतला.
तशीच धावले, मोकळ्या केसांनी, अनवाणी,
समोरच्या दारात.

झुवैनाखाला टोप्या भरते, कुम्मा,
पांढऱ्या कापडावर मोहरीएवढी भोकं, दोऱ्याने बांधून घेतलेली.
तिने चष्मा लावला.
बत्ती, म्हणाली. पकडो, म्हणाली.
नेढ्याच्या बाजूने सुई केसाखाली सरकवली,
आणि तिच्या चिमुकल्या कात्रीचा आवाज
मला आलाच नाही.
अबोली गप्प झाली, त्यावरून कळलं.

बोटावर तीन रेघा राहिल्या.
मी माझा शेपटा मुठीत धरून पुढे केला :
काटो.
तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.
मग कात्री बिस्किटांच्या डब्यात टाकली,
झाकण दाबून बसवलं,
आणि आतून हिरव्या भुकटीची पिशवी आणली.
सिद्र, म्हणाली.
खिडकीतून बोट दाखवलं : मशिदीच्या कोपऱ्यावरचं ते झाड.
काटे, बारकी पानं, खाली सुरकुतलेली पिवळी फळं.
अगं, ही तर आपली बोर!

शुक्रवारी तिनेच कालवली ती, माझ्या बादलीतल्या पाण्यात.
हिरवा फेस आला, वास ओल्या पाल्याचा.
संक्रांतीला अबोलीचं बोरन्हाण कसं करायचं,
इथे बोरं कुठे मिळतील,
चार महिने हेच घोकत होते मी.
आधी माझंच झालं.

मग लोबानाची धुरी.
आईचा व्हिसा झाला नव्हता,
माझी शेक-शेगडी राहूनच गेली होती.
झुवैनाखालाने निखाऱ्यावर खडे टाकले,
माझे केस दोन्ही हातांवर पसरून धरले धुरात,
आणि तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटत राहिली.
मी विचारलं नाही काय ते.

केस अजून जातात.
पाजायच्या आधी आता घट्ट अंबाडा घालते,
निजताना अबोलीची वीसच्या वीस बोटं तपासते,
कधी दोनदा.
तिच्या डोक्यामागे घासून टक्कल पडलंय,
माझ्या कपाळावर बोटभर नवं लव उभं राहिलंय,
कुठल्याच तेलाला न जुमानणारं.

काल विश्रामच्या हेल्मेटच्या पट्ट्यात
एक केस सापडला, हातभर लांब.
दिवसभर क्रेनवर होतीस तू, म्हणाला.
मी तो काढला, बोटाला गुंडाळायला गेले
आणि थांबले.
सरळ कचऱ्यात टाकला.