संदर्भव्यक्ती क्रमांक तीन

त्यांची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच.
मार्चचा मध्य. शिरपुरात दहाला लाईट गेली ती गेलीच.
मोबाईलच्या नेटवर लॅपटॉप, बॅटरी अठ्ठावीस टक्के,
आणि वारसा-विज्ञानाच्या फेलोशिपचा अर्ज,
पान चौथं, एकूण अकरा.

प्रकल्पाचं शीर्षक लिहून झालंय:
थाळनेरच्या घुमटांच्या चुन्यातले सेंद्रिय घटक.
तापीकाठच्या त्या कबरींत कोण राजे झोपलेत
ते इतिहासवाले सांगतील.
मला दोन दगडांमधल्या फटीत रस आहे,
तिथं जे एवढी शतकं धरून बसलंय त्यात.

नमुने: सात. सगळे पडझडीतून वेचलेले.
परवानगीचा क्रमांक जोडलाय.
परवानगीला चौदा महिने लागले
हे लिहायला रकाना नाही.

पद्धती: इथं एक यादी उघडते.
क्ष-किरण विवर्तन, औष्णिक विश्लेषण, इन्फ्रारेड.
आमच्या कॉलेजात यातलं एकही नाही,
म्हणून तर हा अर्ज.
यादीत जीभ नाही.

शेनफडू बेलदारांनी मात्र जीभच लावली होती.
ओट्यावर बसून, खडा दाढेखाली फोडून,
डोळे मिटून, सुपारी चघळावी तसा.
मग थुंकले, चूळ भरली.
"उडीदनं पानी शे. गूय बी शे, पन थोडा."
मी वहीत लिहून घेतलं. पुढं प्रश्नचिन्ह काढलं.
ते प्रश्नचिन्ह खोडायला दोन उन्हाळे लागले
आणि नाशिकच्या एका खासगी लॅबचं बिल,
नऊ हजार चारशे.
प्रथिनं सापडली. शर्करा अल्प.

आपल्या संशोधनाचं महत्त्व अडीचशे शब्दांत सांगा.
लिहिते: स्थानिक ज्ञानपरंपरा. खोडते.
स्थानिक ज्ञानपरंपरा या घटकेला
थाळनेरात खाटेवर पडून खोकत असेल,
जन्मभराची कळीची धूळ छातीत घेऊन.
लिहिते: एक माणूस.
शब्दमर्यादेत बसतो.

संदर्भव्यक्ती तीन हव्यात.
पहिले माझे मार्गदर्शक, जळगाव, निवृत्त.
दुसऱ्या पुण्याच्या मॅडम, ज्यांना मी दोनदाच भेटले.
तिसऱ्या जागी नुसता कर्सर लुकलुकतो.
बॅटरी अकरा.
नाव: शेनफडू बेलदार.
पद: गवंडी.
संस्था: लाल तारा आहे, सोडता येत नाही.
संस्था: स्वतः.
ईमेल: नातवाचा, करवंद नाक्यावर
त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे.
उमेदवाराशी नातं: पर्याय पाच.
पर्यवेक्षक.

पाच वाजून एकवीस. पाठवला.
बाहेर केळीचा पहिला ट्रक गेला.

तीन दिवसांनी नातवाचा फोन,
"ताई, बाबाले काहीतरी इंग्रजीमा येल शे."
दुपारच्या एसटीनं गेले, खाटेशी बसून वाचून दाखवलं:
प्रिय प्राध्यापक बेलदार,
आपलं मत आम्हाला मोलाचं आहे.
आपलं पत्र उमेदवाराला दाखवू नये,
हेही मीच वाचलं.

बराच वेळ पंखाच बोलत होता.
मग, "तठे चुना भिजाडतस का?"
भिजवतात म्हटलं. खड्ड्यात. वर्षवर्षभर.
"वरीसभर!"
त्या लोकांबद्दल त्यांना पहिल्यांदाच
काही बरं वाटलं असावं.

नातू मोबाईल धरून ताटकळलेला.
"काय लिखू, बाबा?"
"लिख. पोर घाई करस नही."
"अजून?"
"अजून काय? बस."

मी निघाले तेव्हा चपला घालताना मागून हाक आली.
"तठला एक खडा लई येजो.
चाखी देखसू."