दोन मिलीलिटर

शिरेतून द्यायचं तेव्हा पिशवीभर होतं.
चार तास, एक खुर्ची, एक खिडकी.
आता तेवढंच औषध दोन मिलीलिटरमध्ये बसवा,
असं वरच्या मजल्यावरून आलं.

विरळ द्रावणात प्रतिपिंडं गुमान असतात.
दाटी केली की दोन हात अन् एक पाय असलेली ही जात
एकमेकांच्या बाह्या धरते,
आणि बाटली तिरकी केल्यावर
औषध मधासारखं, विचार करत करत खाली येतं.

सुईला मध चालत नाही.
स्प्रिंगला दिलेत दहा सेकंद;
पोटाची चिमूट धरून माणूस
त्याहून जास्त थांबत नाही.

मीठ घातलं. पातळ झालं,
आणि सोमवारी येऊन बघते तर दुधाळ.
आर्जिनिननं बाह्या सोडवल्या, बऱ्याचशा.
साखर, गोठण-वितळण सोसावं म्हणून.
आणि साबणाच्या गोतावळ्यातलं काहीतरी, अगदी नखभर,
कारण हवेच्या काठाशी गेलं की प्रथिन उलगडतं
आणि उलगडलेल्याला जुनी घडी आठवत नाही.

बेआट त्सुम्श्टाइन बाटली आधी काळ्या पाटीसमोर धरतो,
मग पांढऱ्या.
पाच सेकंद. पाच सेकंद.
मी विचारते, कापसाचा तंतू असेल?
"नाही. आपलंच आहे."
नमुना अठ्ठेचाळीस बाद.
त्या दुपारी ऱ्हाईनच्या काठावर बसून
आम्ही दोघांनी पाव खाल्ला, बोललो नाही.
पोरं कपडे पिशवीत बांधून
प्रवाहाबरोबर बाझेलभर वाहत चालली होती.

आई डोंगरात, इलांत्सला.
दर चौथ्या बुधवारी लाल गाडीनं खूरला जाते,
हाताला नळी लावून बसते.
तिचं औषध आमचं नव्हे, दुसऱ्या कंपनीचं.
मी फोनवर म्हटलं, येईल गं तेही सुईत,
दहा सेकंदांत, तुझ्या स्वयंपाकघरात.
ती गप्प.
मग म्हणाली, "आणि काडुफबाई?"

शेजारच्या खुर्चीवरच्या.
डाव्या हाताला नळी, उजव्यात पत्ते,
दोघी चार तास भांडतात.
परिचारिका सांगते, वॉर्डात एवढा आवाज
दुसऱ्या कुणाचा नसतो.

मी काय सांगणार होते.
पाणी किती कमी केलं ते माझ्या वहीत आहे,
दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत.

नमुना एकसष्ट चाळीस अंशांच्या कपाटात
तिसऱ्या महिन्यात आहे, अजून निवळ.
बेआट म्हणतो, रात्रभर हलवून बघू,
ट्रक घाटातून जातो तसं.
हलव, म्हटलं.

काल आईचा निरोप आला:
सुई निघाली की घरीच टोचीन.
पण बुधवारचा पास मोडू नकोस.
बाईंचे माझ्यावर तेवीस डाव आहेत.