अडतीस नंबर

एम्डेनच्या बंदरामागे, मासे धुरवायचं दुकान बंद पडलं
तिथे आमचं यंत्र ठेवलंय:
एक काळी पेटी, दोन पंखे,
आणि भिंतींतून अजून न गेलेला बांगड्याचा वास.

नाव ठेवलं 'डीक'. इकडच्या बोलीत समुद्राचा बांध.
पूर्वी घराघराकडे बांधाचा एकेक तुकडा असायचा,
एकाचा खचला की पाणी सगळ्यांच्या चुलीत.
आता महिन्याला दोन युरो.
तीनशे बारा माणसं. जाहिरात नाही.
कोण कशापाशी थांबलं, किती वेळ थांबलं,
आम्ही मोजत नाही.
वर्तमानपत्राची एक मुलगी विचारून गेली,
"म्हणजे तुम्ही त्या बड्यांना आव्हान देताय?"
त्यार्क पंख्यातली धूळ फुंकत म्हणाला,
आधी वीजबिल देऊ.

फोल्कर्ट गेल्या हिवाळ्यात आला, तीनशे तेरावा.
जन्मभर क्रेनवर बसलेली माणसं बोलतात तसा,
वरून खाली, मोठ्याने.
खातं उघडून दिलं. त्याने बोटाने पडदा वर सारला, आणखी सारला,
आणि सगळं संपलं.
"संपलं?"
"संपलं. आज लोकांनी एवढंच लिहिलंय."
त्या मोकळ्या पांढऱ्या जागेकडे तो बराच वेळ बघत राहिला.
मी चहा ओतला. तळाची खडीसाखर तडकली,
तेव्हा कुठे तो बोलला:

तिकडे अजून आल्मुथसाठी बूट येतात.
अडतीस नंबर, रुंद पंजा, तपकिरी.
तिला जाऊन चौदा महिने झाले.
पोरगा फोनवर तिचा विषय टाळतो,
शेजारीण माझ्या दारापाशी आली की आवाज खाली आणते,
आणि ते मेलं यंत्र
रोज सकाळी न चुकता विचारतं,
आल्मुथ, पाय ओले होतात का?
वैतागून आलो मी इथे.
पण तुमच्याकडे तिला कोणीच ओळखत नाही.

काय बोलणार.
आम्ही तर छाती काढून सांगायचो येईल त्याला:
आम्हाला तुमच्याबद्दल काहीच ठाऊक नाही.

मार्चात त्याने पहिल्यांदा लिहिलं. फोटो नाही.
"बूट. अडतीस नंबर. तपकिरी. एकदाही न घातलेले.
डाव्यातला कागदाचा बोळा तसाच आहे.
पैसे नकोत. न्यायला येईल त्याने चहाला बसावं."

रात्री नऊला आमची तिघांची बैठक.
गेश्चे म्हणाली, ही जाहिरात आहे.
त्यार्क म्हणाला, तो विकतोय कुठे?
गेश्चे म्हणाली, चहाला बसवतोय ना,
मोबदला तो मोबदला. आज चहा, उद्या गालिचे.
मी नियम पुन्हा वाचला. मीच लिहिलेला,
भर उन्हाळ्यात, तावातावाने,
कुठल्यातरी दूरच्या काचेच्या इमारतीला उद्देशून.
बुटांचा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यात होता?
पावणेअकराला मतं पडली. दोनास एक. राहू दे.
गेश्चे तडक निघून गेली, छत्री विसरून.

चार दिवस कोणी काही बोललं नाही.
वर ढकलणारा हात नाही आमच्याकडे,
म्हणून ती ओळ आपल्या वजनाने खाली खाली गेली,
कोणाच्या हरवलेल्या मांजराखाली,
सायकलच्या पंपाखाली,
बोर्कुमच्या बोटीच्या बदललेल्या वेळांखाली.

पाचव्या दिवशी पहाटे तिच्यापुढे उत्तर:
"माझा पाय एकोणचाळीसचा. बूट होणार नाहीत.
नुसती चहाला आले तर चालेल?"
लिहिणारी गेश्चे.

ती गेली, एवढं कळलं.
किती वेळ बसली, काय बोलणं झालं,
बूट तिने पायात घालून बघितले का,
आमच्या पेटीत नोंद नाही.
छत्री मात्र अजून इथेच आहे,
पंख्याशेजारी, खिळ्याला.