अर्ध्या मात्रेचा खोकला

माशेलच्या टपाल कचेरीत एकवीस वर्षं
मी तारखेचा शिक्का मारत आले.
आधी शाईच्या गादीवर, मग पाकिटावर:
एक आवाज बसका, एक कोरडा.
हा ठेका आहे असं मला सगुण च्यारींनी सांगितलं,
मुलाची मनीऑर्डर घ्यायला आले होते तेव्हा,
खिडकीच्या गजांतून.
म्हणाले, "तिसऱ्याक घाई करता गो तूं."

रविवारी त्यांच्या पडवीत गेले.
सागवानाच्या ढलप्यांत घुमट ठेवलेलं,
डिचोलीच्या मातीचं, दोन तोंडांचं.
उजवा हात चामड्यावर,
डावा मागच्या लहान तोंडावर.
झाकलं तर आवाज पोटात राहतो,
उघडलं तर अंगण ओलांडून जातो.
चामडं पूर्वी घोरपडीचं, आता बकऱ्याचं.
"कायदो आयलो, आवाज गेलो," म्हणाले,
आणि तरीही वाजवलं.

मला मात्र लिहून हवं होतं.
हात विसरतो, वही विसरत नाही
असं वाटायचं तेव्हा.
म्हणून फोंड्याच्या तबला-वर्गात
नऊ-दहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत बसले;
मांडी घालताना माझा गुडघा वाजे
आणि सगळी रांग सम आली म्हणून मान हलवी.
समेला फुली. खालीला शून्य.
एका मात्रेत दोन बोल, तर खाली चंद्रकोर.
लांबवायचं तिथे अवग्रह,
शाळेतल्या संस्कृतातून इतक्या वर्षांनी
परत आलेला, पाठीत वाकलेला.

चोडणला पत्र द्यायला गेले तेव्हा
इनास मेस्तांनी पाच रेघा ओढून दाखवल्या.
रेघेवर बसलेली लहानशी टोपी:
ही विश्रांतीची खूण.
"गप्प बसायचं, तेही लिहावं लागतं, बाये.
नाहीतर लोक बोलतात मध्येच."
परतताना फेरीबोटीचं इंजिन
मी तिकिटाच्या पाठीवर उतरवलं.
सात मात्रांचं निघालं. धक्का लागताच आठ.

सगुणबाबांचं सगळं आलं वहीत,
एक जागा सोडून.
तिसऱ्या आवर्तनात सहावीनंतर
हात थांबतो. पाव नाही, पाऊण नाही.

घुं ऽ त घुं । त त … घुं

तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.
रबराने कागद विरला तिथे.
विचारलं तर म्हणाले, "तें बरोवचें न्हय."

मग एकदा मीच मोठ्याने वाचून दाखवलं,
शब्द वाचावेत तसं, बोट ठेवून,
आणि ठिपक्यांपाशी गप्प झाले.
रंधा थांबला.
हसले आधी. मग हसू तसंच राहिलं चेहऱ्यावर,
कुणी उचलायला विसरल्यासारखं.
"हांगा म्हजो बापूय खोंकतालो."

विडीचा खोकला. त्याच जागी, दर खेपेला.
समोर बसलेल्या तीन मुलांनी
चाल उचलली, खोकल्यासकट.
म्हातारा गेला, विडी गेली,
उरली अर्धी मात्रा,
आणि गाव तिला परंपरा म्हणतं.

चवथीच्या रात्री आरतीला नऊ घुमटं,
शामेळ, कांसाळं. वही घरी ठेवली होती.
ती जागा आली.
सगुणबाबांच्या नातवाचा, निहारचा हात वर थांबला,
ज्याने पणजोबांचा फोटोही धड पाहिला नाही.
सगळे हात वर.
माझा एकटीचा पडला.
घुं.
एकवीस वर्षांची घाई, भर आरतीत.
कुणी वळून पाहिलं नाही.
नंतर नेवऱ्या खाताना सगळे पोट धरून हसले.

सोमवारी कचेरीत रांग दारापर्यंत.
गादी, पाकीट. गादी, पाकीट.
तिसऱ्याला शिक्का हवेत राहिला.
गजांपलीकडचा माणूस वाकून म्हणाला,
"शाई संपली?"