साधी गाठ

डॉक्टर म्हणाले, साधी गाठ आहे, कॅन्सरची नाही.
मला हसू आलं. साधी गाठ मला सहाव्या वर्षी यायची,
बापाने दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून शिकवली होती.
ही कानाच्या आत, उजव्या बाजूला.
फोटोत पांढरी, जांभळाच्या बीएवढी,
आणि तिच्यापाशी एक रातकिडा
जो भर उन्हाळ्यातही गप्प बसत नाही.

आधी फोन डाव्या कानाला गेला.
मग एका सकाळी बोडीत, डोंग्यात उभा होतो
आणि पाणी तिरपं झालं.
तीस वर्षांत पहिल्यांदा पडलो.
पारीवर धुणं धुणाऱ्या बाया हसल्या,
त्यांना वाटलं, सकाळीच घेतली.

नागपूरला दोन डॉक्टर, दोन मजल्यांवर.
खालचा म्हणाला, कापून काढू, मोकळे व्हाल.
पण तोंडाची नस गाठीला चिकटली आहे,
शंभरात पाच-सात जणांचा ओठ वाकडा राहतो,
डोळा पुरता मिटत नाही.
मी शंभर माणसं एका जागी कधी बसलेली बघितली नाहीत,
सोसायटीच्या सभेला फार तर चाळीस येतात.
त्यातले पाच-सात कोण, हे कोण ठरवतं?

वरचा म्हणाला, किरणं देऊ.
चिरा नाही, टाका नाही, संध्याकाळच्या गाडीने साकोली.
पण गाठ तिथंच राहील. वाढायची थांबेल. बहुतेक.
'बहुतेक' तो कागदाकडे बघून म्हणाला.
दरवर्षी फोटो काढा, म्हणाला, जन्मभर.
आणि कान?
कानाबद्दल दोघंही सारखंच बोलले, म्हणजे फारसं नाही.

रयवंता बाजारात मासोळ्या विकते.
जिना उतरताना म्हणाली,
"मरळवाली रोहूले कधी चांगली म्हनते का जी?"

घरी येऊन जाळं घेतलं मांडीवर.
दोरा मी ओठात धरतो, उजव्या कोपऱ्यात.
पूर्वी सुताची चव लागायची,
नायलॉनला काही चव नाही, तरी धरतोच.
विचार करत होतो:
जाळ्याची एक गाठ कापली
की चार डोळ्यांचा एक होतो,
मासा नेमका तिथूनच निघतो,
त्याला कुणी सांगावं लागत नाही.
म्हणून जुनी गाठ, कितीही कुरूप असली,
मी कधी कापत नाही.

हे मी पुस्तकलाला सांगितलं. ती उपकेंद्रात नर्स आहे.
ती म्हणाली, "बाबा, डोक्शात जाळं नसते."
बरोबर आहे.
एवढा चांगला विचार सुचला होता, तो वाया गेला.

मग नुसतेच दिवस गेले.
हिरामण म्हणाला काप, साडभाऊ म्हणाला हात लावू नको.
श्रावणात बोडीत बोटुकली सोडायची आहे,
ऑपरेशन केलं तर दोन महिने पाण्यात जायचं नाही.
हेही मी मोजलं. लाज वाटली, पण मोजलं.

रयवंता रोहूचे खवले काढत होती.
मान वर न करता म्हणाली,
"एकतीस वर्स या तोंडासंग भांडली मी.
अर्ध्या तोंडासंग कशी भांडू?"
खवला उडून माझ्या हातावर बसला.
तो मी काढला नाही, वाळेपर्यंत.

वरच्या मजल्याची तारीख घेतली आहे.
यात हिशोब किती आणि भीती किती
मला वेगळं करता येत नाही,
झिंगे आणि चिखल टोपलीत एकत्रच येतात.
कागद पिशवीत आहे, सोसायटीच्या पासबुकासोबत.

रात्री मी डाव्या कुशीवर झोपतो.
चांगला कान उशीत गेला
की कुत्री बंद, शेजारचा टीव्ही बंद,
उरतो फक्त रातकिडा.
आता ऐकतो त्याला. तो जाणार नाही म्हणतात,
दोन्ही मजल्यांवर तेच सांगितलं.

काल मध्येच पाठीवर हात जाणवला.
उशीतून डोकं उचललं. काय म्हणालीस?
"काई नाई," रयवंता म्हणाली, "झोपा."