नऊ इंच

परभणीच्या कोर्टात नाव पुकारलं,
भुजंग रंगनाथ पवळे, राहणार जिंतूर, धंदा शिवणकाम,
तेव्हा सवयीनं उजवा हात वर करायला गेलो
आणि पिन लावलेली बाही नुसती हलली.

विमा कंपनीच्या वकिलानं विचारलं,
वाचता येतं का?
येतं.
खिडकीवर काय लिहिलं होतं?
मी पाठ म्हणून दाखवलं,
खिडकीतून हात किंवा डोके बाहेर काढू नये.

आमचे वकील आदल्या दिवशी चहा पाजून म्हणले होते,
सांगा की 'नये' खरवडून गेलं होतं.
गेलं नव्हतं. पिवळ्यावर लाल, ठळक,
त्यातला 'ये' जरा दाटीत बसवलेला,
रंगाऱ्याची जागा संपत आली असावी.
एवढं बारीक बघणारा माणूस
कोपर आत घ्यायला विसरला.

विसरला म्हणजे, मांडीवर गठ्ठा होता.
बोरीच्या बँडवाल्यांचे सात सदरे, पांढरं टेरीकॉट.
चैतातलं ऊन, घाम कोपरावरून ठिबकायला लागला,
डाग पडतील म्हणून हात बाहेर. चार बोटं. फार तर पाच.
समोरून सरकीचा ट्रक, निम्मा आमच्या बाजूला.
ट्रकाचं सगळ्यांनी विचारलं,
घामाचं कुणी नाही.

निकाल असा की ट्रकवाल्याची चूक सत्तर टक्के, माझी तीस.
सहा लाखातून एक लाख ऐंशी हजार वजा.
हिशेब बरोबर आहे, मी दोनदा करून पाहिला.

रात्री अयोध्येला म्हणलं, बाळा, टेप धर.
उजव्याच्या वतीनं डावा मोजला,
खांद्यापासून मधल्या बोटापर्यंत तीस इंच.
तिसाचे तीस टक्के, नऊ.
आता हे नऊ धरायचे कुठून?
बोटांकडून धरले तर कात्रीचा अंगठा, अंगुस्तानाचं बोट,
मनगटावरचा लहानपणी भाजल्याचा डाग,
एवढं सगळं माझ्या चुकीत गेलं.
खांद्याकडून धरले तर
नेमका जेवढा दंड उरलाय तेवढा.
म्हणजे माझी चूक अजून अंगावर आहे,
ट्रकवाल्याची तेवढी तुटून गेली.

पोरीनं टेप गुंडाळून ठेवला. काही बोलली नाही.

रेघेच्या बाहेर बोटभर माया सोडून कापावं,
हे मी आजवर अकरा पोरांना शिकवलं.
त्या दिवशी बोरीच्या अलीकडं
ना ट्रकवाल्यानं सोडली, ना मी.
कोर्टाला तर रेघेवरच कापावं लागतं.

सातातले सहा सदरे स्वच्छ निघाले.
बँडवाले दवाखान्यात येऊन शिलाई देऊन गेले.
सातव्याचीसुद्धा.